शेक दिला, वजन दिलं

"झाडू घे. तुम्हा लोकांना याच्यासारखा व्यायाम न्हाई."

सरकारी दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत बाई मला पहिल्याच दिवशी असं म्हणाल्या. शेक देणं, कमरेला वजन बांधणं हे त्यांचं काम. खोलीत एकच खाट. पायथ्याशी दोरी, कप्पी, लोखंडी वजनं. खाटेवर उदगीरच्या एका आडत्याची बायको पडलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हिला हितं झोपवलं तर मी उद्यापासून येणार न्हाई," ती बाईंना म्हणाली. मी झाडू घेतला.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्यात दुष्काळ. आमची अख्खी वस्ती सडकेच्या कामावर. याच दवाखान्यापुढच्या सडकेची खडी मी दोन उन्हाळे फोडली. टोपलं उचलताना कमरेत उसण भरली, ती गेलीच नाही. डावा पाय बधिर पडत चालला. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस शेक आणि वजन घे, नाहीतर पाय जाईल. पाय गेला तर मी खायचं काय?

रोज गावाहून बसत-उठत यायची. बाकीच्यांच्या कमरेवर शेकाचा दिवा, माझ्या हातात झाडू. वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. वाटायचं, आपल्यासारख्यांचा इलाज असाच असेल. एवढी मी येडी! निघताना बाई वहीत काहीतरी लिहायच्या, शाईची डबी पुढं सरकवायच्या. मी अंगठा उठवायची. मी चौथी शिकलेली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला. मी किंचाळले. त्यांनी वही चाळली.

"आठ दिवस सगळं दिलंय. काम चुकवायला ढोंग करायलीय."

बाई हसल्या. वही उघडीच होती. मी वाचली. माझं नाव, आणि पुढं आठ वेळा, 'शेक दिला, वजन दिलं.' प्रत्येक ओळीखाली माझाच अंगठा.

"मला न्हाई दिलं. झाडू दिला," मी म्हणाले. डॉक्टर घड्याळ बघत निघून गेले.

बाईंनी नववी ओळ लिहिली. डबी सरकवली. खाट रिकामी झाली होती. मी जाऊन आडवी झाले.

"बांधा वजन."

"ऊठ! खाट बाटवली!"

"झाडू तिथं हाय. आज तुम्ही झाडा."

शिपायानं मला दंड धरून खाली ओढलं. कमरेत कडकन वाजलं. तशीच टेबल धरून उठले, बाईंचाच पेन उचलला आणि नऊही ओळींपुढं लिहिलं, 'दिलं नाही.' खाली सही केली. पुरं नाव.

दहाव्या दिवशी मला फाटकातूनच हाकललं. पाय गेला तो गेलाच. फरफटत चालते.

वस्तीतलं कुणी दवाखान्यात निघालं की मी काठी घेऊन सोबत जाते. आधी वही वाचते. जे दिलं नाही, त्याखाली आमच्यातल्या एकाचाही अंगठा मी उठू देणार नाही.