व्हिडिओत ओवी कमी, कांदाच जास्त

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे येऊन बडबडतेय.

माझी ओवी सात महिन्यांची आहे. झोपेतून उठली की अचानक मान खाली टाकते, दोन्ही हात वर फेकते, तेही लागोपाठ पाच-सहा वेळा. घरचे म्हणाले, दचकते. दवाखान्यात नेलं तर ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, "पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा."

सोपं वाटलं ना? आमच्या सासूबाई सायखेडा गावच्या. मी मोबाईल धरला की ओरडतात, "लेकरू असं करतंय अन् तू शूटिंग काय करती? लाज हाय का नाय?" आणि गावचा उपाय म्हणून फोडलेला कांदा थेट ओवीच्या नाकाशी. तीन व्हिडिओ काढले, तिन्हींत कांदा आणि त्यांच्या बांगड्या.

आज सकाळी त्या पंचवटीत भाजी आणायला गेल्या, तेव्हा कुठे धड व्हिडिओ मिळाला.

दुपारी डॉक्टरांनी तो जेमतेम अर्धा मिनिट पाहिला. "हे दचकणं नाही, मेंदूतून येणारे झटके आहेत. आजच ॲडमिट करा." मग विचारलं, "हल्ली हसते का? या आजारात बाळाचं हसणंही कमी होतं."

मी मोबाईलमध्ये तिचा हसरा फोटो शोधायला लागले. सोबत आलेल्या सासूबाई बोटांवर दिवस मोजायला लागल्या.

इतके दिवस मी कांद्यावर चिडत होते. पण पंधरा दिवसांपासून ओवी हसलीच नव्हती, आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, कौतुकाने सांगत होतो, "पोरगी किती शांत झालीये!"

तुमच्या घरातलं बाळ शेवटचं कधी हसलं, आठवतंय?