टोपलीभर चिखलाचा सत्कार

दामोदर सरांची आणि माझी पहिली गाठ माझ्या मूर्खपणामुळे पडली. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, म्हणजे राब करायला, त्या वर्षी पालापाचोळा कमी पडला, म्हणून मी आमच्या पाड्यावरच्या पाणथळीतली काळी, मुळ्यांनी विणलेली ढेकळं वाळवून राबावर टाकली. राब तीन दिवस धुमसत राहिला. मुरबाडला विज्ञान शिकवणारे आणि आमच्याच पाड्यालगत राहणारे सर धूर बघून आले.

"सर, पाणी मारलं तरी इझत नाय!" मी म्हणाले.

सरांनी एका वाळक्या ढेकळावर तांब्याभर पाणी ओतलं. ते ओघळून गेलं. मग पाणथळीतलं ओलं ढेकूळ पिळलं, तर पाणी त्यांच्या कोपरापर्यंत आलं.

"ही कुजक्या गवताची माती आहे," ते म्हणाले. "वरच्या सैल थरातून पाणी भराभर सरकतं, खालच्या घट्ट थरात महिनोन्‌महिने राहतं. पण पार वाळली, की ही सहजी पाणी धरत नाही."

पाणथळीखालचा आमचा झरा मे महिन्यातही का टिकतो, ते मला त्या दिवशी कळलं. माझी फजिती मात्र सरांनी आजवर कुणालाही सांगितली नाही. आज मीच सांगते आहे.

पुढे ही पाणथळ ज्या गुरचरणात आहे, तिथे प्लॉट पाडायचा घाट बाहेरच्या प्लॉटवाल्यांनी घातला. पाणथळ सुकवायला मधोमध चर खणला. झरा करंगळीएवढा झाला. तोवर निवृत्त झालेल्या सरांना त्यांचा निरोप आला, "मास्तर, पेन्शन खावा नि गप बसा."

"पेन्शन खातो, पण पाणी याच झऱ्याचं पितो," सर म्हणाले आणि सकाळी फावडं घेऊन चरात उतरले. माझ्या आईने चिखलाची पहिली टोपली चरात ओतली. प्लॉटवाल्यांनी चर उघडला, आम्ही बुजवला. पुन्हा उघडला, पुन्हा बुजवला. लोक सरांना हट्टी म्हणतात. आहेतच! गोड बोलून चर बुजत नाहीत.

पंचाहत्तरीला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, तेव्हा सर म्हणाले, "शाल नको. प्रत्येकाने टोपलीभर चिखल आणा." तेव्हा मंडळी, सत्कार चराच्या काठावर आहे. धुतलेले कपडे घालून येऊ नका.

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. फावडं उचलवेनासं झालं, तर बांधावर नुसते बसा. चर कुणी उघडूच दे, आम्ही बुजवू.