अर्धा स्वर खाली

कॉलेजात आमचा रॉक बँड होता. गिटारवर मी आणि माझा एक मित्र, दोघंही परभणीचे. त्याचा कान विलक्षण. इंजिनाचा भोंगा वाजला की तो कुठला स्वर ते सांगायचा. मला एक स्वर कुणी दिला तर पुढचे सापडायचे, पण पहिला आपणहून कधी सुचला नाही. त्यामुळे आपण खरे गिटारवाले नव्हेच, असं मी मनाशी धरून बसलो. तो पुण्याला स्टुडिओत वाजवायला गेला. मी इथंच कृषी विद्यापीठात कारकून झालो.

बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. ऑफिसातून आलो की दार लोटून गिटार घेतो. सात स्वर तेच असतात, पण ज्या स्वरावर विसावाल त्याप्रमाणे रंग बदलतो. षड्जावर टेकलं की सगळं मोकळं, उजेडाचं वाटतं. तेच स्वर रिषभावरून वाजवले की काफीसारखे हळवे होतात. गंधारावरून वाजवले की भैरवी. एकदा मी संध्याकाळभर गंधारावरच रेंगाळलो. शेजारी निवृत्त शिक्षिका राहतात. सकाळी त्या कुंपणापाशी थांबल्या.

"काल लय उदास वाजवायलतात," त्या म्हणाल्या. "जेवलात का मग?"

जेवलो नव्हतो.

मागच्या उन्हाळ्यात मित्र एका लग्नासाठी परभणीला आला आणि दुपारी माझ्याकडं आला. मी गिटार पुढं केली तर त्यानं हातही लावला नाही. पन्नाशीनंतर त्याला प्रत्येक स्वर अर्ध्या स्वरानं चढा ऐकू यायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, असे कान असणाऱ्यांचं वयानं असं होतं. जन्मभर वाजवलेली गाणी त्याला परकी वाटायला लागली होती.

"बोटं बरोबर पडतात," तो म्हणाला, "पण कान म्हणतो, चूक. कुणाचं ऐकू?"

मग मी साऱ्या तारा अर्ध्या स्वरानं उतरवल्या, म्हणजे त्याच्या कानाला त्या बरोबर लागतील, आणि आमचं एक जुनं गाणं सुरू केलं. माझ्या कानाला काही फरक पडत नव्हता, स्वरांमधली अंतरं तीच होती. तो मान खाली घालून ऐकत राहिला. थोड्या वेळानं त्यानं गिटार मागून घेतली. ऊन उतरेपर्यंत आम्ही आळीपाळीनं वाजवत बसलो.

स्टेशनवर सोडताना मी म्हणालो, घरी तू पण तारा उतरव. तो हो म्हणाला. दिवाळीत फोन करून विचारलं, तर म्हणाला, "उतरवल्या होत्या. पण एकट्यानं वाजवावं वाटंना."

मी म्हणालो, ये मग इकडं. बघतो, म्हणाला. अजून आला नाही. मी एकट्यानंच वाजवतो.