तुरटी फिरवलेलं पाणी

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. छोटं कासव कशानं मेलं, असं मुलीनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. आता लिहूनच ठेवतो.

लग्न होऊन गेली तेव्हा मुलीनं तिची दोन कासवं आमच्याकडं ठेवली. तळहातावर मावतील एवढी, कानाजवळ लाल पट्टा. त्यांची काचेची पेटी बायकोनं ओसरीत मांडली आणि सगळं आपल्याकडं घेतलं. जालन्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. तरी ती दोन बादल्या कासवांसाठी बाजूला काढायची आणि नळाच्या औषधाचा वास उडावा म्हणून दिवसभर उघड्या ठेवायची. एक दिवसाआड पेटीतलं अर्धं पाणी कढीपत्त्याला, तेवढंच बादलीतलं पेटीत. खायला मात्र वेगळ्या घमेल्यात, म्हणजे पेटीत घाण होत नाही.

“माणसाला प्यायला न्हाई, अन् तुझ्या लेकरांच्या अंघोळी चालल्यात,” मी म्हणायचो.

“तुम्हाला दाढीलाच बादली लागती. कासवाला दाढी न्हाई हे नशीब समजा.”

मग जाफराबादला तिची आई पडली. पंधरा दिवसांसाठी जाताना एसटीत चढता चढता तिनं बजावलं, “बराबर ध्यानात ठेवा, अर्धंच बदलायचं. अन् शिळं पाणी घाला, ताजं न्हाई.”

दोनदा केलं, मग कंटाळलो. दाणे पेटीतच टाकू लागलो. पाणी हिरवं झालं, वास सुटला. ती यायच्या आदल्या दिवशी नळ आला. आमच्याकडं नळ आला की शिळं ओतून ताजं भरायचं, ही जन्माची सवय. मी पेटी पूर्ण उपसली आणि नळी थेट आत सोडली. पाणी गढूळ होतं, म्हणून माठात फिरवतो तशी तुरटी फिरवली, चांगले पंधरा-वीस वेढे. सकाळपर्यंत तळाचा खडा न् खडा दिसू लागला.

ती आली ती खांद्यावरची पिशवी न उतरवता पेटीपाशी गेली. “अगं बाई! किती निर्मळ ठेवलंय हो! मला कधी जमलं न्हाई असं.” शेजारच्या मारवाडी भाभींना तिनं हाक मारून दाखवलं.

“भाईसाब, आमच्या सेठजींना पण शिकवा थोडं,” भाभी म्हणाल्या. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी दोघांचे डोळे सुजून मिटले. चौथ्या दिवशी छोटं गेलं. ती पायरीवर बसून राहिली.

“पंधरा दिवस तुम्ही सांभाळलं, अन् मी आले न् चार दिवसांत... आईला मलम चोळत होते रोज. तोच हात घातला असंल मी पेटीत.”

“होतं असं कधी कधी,” मी म्हणालो. एवढंच.

मोठं तिनं भाभींना देऊन टाकलं. तिथं ते जगलं, म्हणून तर दोष आपल्याच हाताचा, अशी तिची खात्रीच झाली. नातू झाला तेव्हा त्याला उचलण्याआधी ती तीन-तीनदा हात धुवायची. न्हाऊ घालायला तर धजलीच नाही. मी बघत होतो.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. ओसरी आता कोरडी असते. सकाळी चहा घेताना अजून वाटतं, पेटीशी वाकून ती त्या दोघांशी बोलत असेल आणि मध्येच मला एखादा टोमणा मारेल. तो ऐकायला मी काहीही देईन.

शेवटच्या दिवसांत एकदा तिच्या उशाशी बसलो होतो. बोलायचं ठरवूनच बसलो होतो. तिनं डोळे उघडले. “काय हो?”

“काही न्हाई. पड तू.”

म्हणायचं होतं ते असं: तुझ्या हातानं न्हाई मेलं ते. तू सांगितलेलं मी केलंच न्हाई, अन् तू स्वतःला दोष देत होतीस तेव्हा गप बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.