एक जोडी अपुरी

माझ्या बायकोची मावशी शाळेतून निवृत्त झाली, ही गोष्ट शाळा सोडून जगात कुणालाही पटलेली नाही, आणि मावशीला तर नाहीच नाही. मुलुंडच्या तिच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनसुद्धा बोलण्याआधी हात वर करतात. भाजीवाला तिला कोथिंबीर देताना उगाचच ताठ उभा राहतो. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला, पत्रिका मागितली; मावशीने माझी नखं बघितली. "वाढलीयेत, पण स्वच्छ आहेत," असा शेरा मारून तिने मला पास केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिच्याकडे जेवायला जायचं म्हटलं की मी आदल्या दिवशी नेलकटर शोधत असतो.

तिचा खरा अंमल चालतो तो सहलीत. घरची सहलसुद्धा तिच्या हातात गेली की शाळेचीच होते. पर्समध्ये शिट्टी, खडू आणि आवळासुपारी. निघण्याआधी साठीच्या माणसांनाही "आत्ताच जाऊन या, पुढे सोय नाही" ही आज्ञा. आणि डोकी मोजायची नाहीत, जोड्या मोजायच्या. "डोकं हरवलं तर कुणाला कळत नाही. जोडीदार हरवला तर दुसरा लगेच बोंब मारतो," हे तिचं शास्त्र. त्यामुळे आम्ही बायकोमुलांचे हात धरून, जोडीजोडीने जगातली प्रेक्षणीय स्थळं पाहिली आहेत. सगळ्यांत पुढे मावशी आणि तिची जोडीदार, म्हणजे तिची थोरली बहीण, माझ्या सासूबाई.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या आणि मावशीने सहलीचं नावच टाकलं. गुडघे, ऊन, पित्त. दर खेपेला नवं कारण. शेवटी बायकोने अलिबागकडच्या एका छोट्या बेटाचा बेत आखला. "तू नुसतं बसायचंस मावशी, बाकी सगळं आम्ही बघतो," असं तिने सांगितलं. "नुसतं बसायला मी काय पार्सल आहे?" असं म्हणून का होईना, ती आली. ही सहल बिघडली तर ती पुन्हा घराबाहेर पडायची नाही, याची आम्हाला धास्ती होती. बायको तर आदल्या दिवसापासून धड जेवलीही नव्हती.

बसमध्ये मावशी खरंच नुसती बसली. मेव्हण्याने मुद्दाम खिडकीबाहेर हात काढला, तरी ती काही बोलली नाही. शेवटी त्यानेच घाबरून हात आत घेतला. बोटीत एकाने संत्र्याची सालं समुद्रात टाकली, तरी ती गप्प. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सालं मीच टाकली होती. पण बेटाच्या मागच्या अंगाला काळ्या कातळाचे उंच कडे आहेत, खाली लाटा आपटतात, आणि तिथे अगदी टोकावर कॉलेजची पोरं सेल्फी काढत होती. मावशीची पर्स उघडली. टोकापासून बरंच अलीकडे तिने कातळावर खडूने लांबलचक रेघ ओढली. "याच्या पुढे कोणी जायचं नाही."

"आंटी, एकच फोटो ना," एक पोरगा म्हणाला.

"बाई म्हण. आणि फोटो इथूनही येतो."

पोरं निमूट मागे आली. थोड्या वेळाने बेटावरची तमाम जनता रेघेच्या अलीकडे उभी राहून शिस्तीत समुद्र बघत होती. घाटकोपरचं एक कुटुंब तर मावशीला विचारून डबा उघडत होतं. "मावशी परत आली रे," बायको माझ्या कानात म्हणाली.

परतायच्या वेळी तिने शिट्टी फुंकली आणि धक्क्यावर आमच्याबरोबर परक्या लोकांनीही जोड्या केल्या. मावशीने आमच्या जोड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिचा चेहरा उतरला.

"एक जोडी अपुरी आहे."

"बाई, पाणी उतरतंय. बोट रुतेल," बोटीचा तांडेल म्हणाला.

"रुतू दे. माणूस मागे ठेवून मी कधी आले नाही."

मेव्हणा बेटावरच्या दीपगृहापर्यंत धावत जाऊन आला. कॉलेजची पोरं कड्याकडे बघून आली. कोणी राहिलं नव्हतं. मी रांगेकडे नीट पाहिलं. आम्हा सगळ्यांचे हात कुणाच्या ना कुणाच्या हातात होते. पुढे मावशी एकटीच उभी होती. एका हातात शिट्टी, दुसरा हात जरासा बाजूला काढलेला, सवयीने. ती जुन्याच हिशेबाने मोजत होती.

बायकोच्याही ते लक्षात आलं. माझा हात सोडून ती पुढे गेली आणि मावशीच्या त्या हातात तिने आपला हात दिला. "मोज आता."

मावशी त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने नाक पुसलं आणि मोजलं. "आता जावईबापू सुटले," ती म्हणाली, आणि माझा हात धरून तिने तो तांडेलाच्या हातात दिला. "यांना धरा. चालताना भलतीकडे बघतात."

बोट सुटली. सुकाणूला दोन्ही हात लागतात म्हणून तांडेलाने मावशीची परवानगी काढून मला सोडलं. मावशीने बायकोला काठाच्या बाजूला बसवलं होतं; बोटीत नेहमी तिथे सासूबाई बसायच्या. बायकोचा हात मात्र मावशीने मुलुंड येईपर्यंत सोडला नाही.