उचललेलं बोट

दौंडहून शिरूरला निघालेली एसटी गरम होऊन भीमेकाठी थांबली. शेजारच्या सीटवरच्या बाई लिंबाखाली बसून गिटार छेडू लागल्या. मी गावच्या भजनात पेटी वाजवणारा, म्हणून विचारलं, "ताई, एकदम इतके सूर कसे?"

"सा, ग, प एकत्र छेडले की झाला कॉर्ड."

मग त्यांनी एकच बोट उचललं. गंधार उतरून कोमल झाला आणि नदीवरचं ऊनसुद्धा मला मावळतीचं वाटलं.

"शिरूरला कार्यक्रम हाय?"

"न्हाई. बाबा गेले. त्यांनीच शिकवलं. आज कबरीपाशी वाजवायचंय."

"हाच उतरलेला सूर?"

त्यांनी ते बोट पुन्हा तारेवर टेकवलं आणि गंधार परत चढला.

"बाबा म्हणायचे, निरोप देताना गंधार उतरू द्यायचा न्हाई."

कंडक्टरनं हाक मारली. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.