रद्दीतली जहाजाची नोंदवही

पनवेलच्या रद्दीच्या दुकानात मी जुनी पुस्तकं निवडायला जाते, तिथे मला दर महिन्याला करंजा गावचा एक म्हातारा कोळी भेटतो. लोकांनी टाकलेल्या पोथ्या, देवांची कॅलेंडरं पायाखाली येऊ नयेत म्हणून तो वेचतो आणि खाडीत सोडतो. परवा त्याने एक जुनी इंग्रजी वही माझ्यापुढे धरली.

"बाय, यात देवाचं काय हाय का नाय?"

मिशनऱ्यांना घेऊन निघालेल्या शिडाच्या जहाजाची, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची नोंदवही होती ती. वारा, शिडं, रविवारची प्रार्थना. एका पानावर, तापाने गेलेल्या खलाशाला समुद्रात सोडल्याची नोंद, नावासकट; ती मी त्याला मराठीत सांगितली.

"प्रार्थना आहे," मी म्हणाले.

दुकानदार हसला. "काका, आता येशूचंही विसर्जन?"

"खाडीत नको," मी घाईने म्हणाले. "संग्रहालयात देऊ. काचेत नीट राहील."

"मानूस पान्यात नि त्याचं नाव काचंत? एकटा नाय पडनार तो?"

काय ठेवायचं, काय टाकायचं, हे मी एरवी उभ्याउभ्या ठरवते. त्याने खाडीत सोडायच्या पोथ्यांची पिशवी पुढे केली आणि मीच वही आत ठेवली. घरी आल्यावर संग्रहालयाचा नंबर शोधून लिहून ठेवला. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.